पहिला मसाज: दुखलं तरच गुण येतो का?

पहिल्यांदाच मसाजला जाणाऱ्याच्या मनातला सगळ्यात मोठा प्रश्न बहुधा तोंडातून बाहेरच पडत नाही: कपडे किती काढायचे? उत्तर सरळ आहे. जितके काढल्यावर तुम्हाला अवघडल्यासारखं होणार नाही, तितके. थेरपिस्ट खोलीबाहेर जातात, तुम्ही कपडे काढून टेबलावर पालथे होता आणि अंगावर चादर ओढून घेता. पाठीचं काम चालू असताना पाठ उघडी, पायाचं चालू असताना तो एक पाय उघडा, बाकी अंग झाकलेलं. केरळी पद्धतीच्या अभ्यंगात तेल इतकं असतं की चादरीचा उपयोग होत नाही. तिथे लंगोटासारखं कापड बांधायला देतात, द्रोणी म्हणजे मालिशीच्या लाकडी टेबलावर झोपवतात आणि पुरुषाला पुरुष, बाईला बाई अशी रीत पाळतात. अंतर्वस्त्र काढावंसं वाटत नसेल तर काढू नका. स्त्री थेरपिस्ट हवी की पुरुष, हे वेळ ठरवतानाच सांगून टाका. आणि कुणाचा हात जिथे जायला नको तिथे गेला, तर ‘थांबा’ म्हणून उठून यायचं. त्यासाठी कुठलंही कारण द्यावं लागत नाही.

मालिश आपल्याला नवी नाही. बाळ-बाळंतिणीला तेल लावायला येणाऱ्या मावशी, तालमीत मेहनत झाल्यावर एकमेकांना रगडणारे पैलवान, दिवाळीच्या पहाटेचं अभ्यंग, हे सगळं आपण पाहत आलो आहोत. पण त्याबरोबर एक समजूतही आपल्यात मुरली आहे: जितकं जास्त दुखेल तितका गुण जास्त. म्हणून पहिल्यांदा टेबलावर पडलेला माणूस दात-ओठ खाऊन सगळं सोसतो आणि दुसऱ्या दिवशी मान वळेनाशी झाली तरी ‘चांगला रगडला’ असं समाधान मानतो. ही समजूत सोडून द्यावी असं मला मनापासून वाटतं, कारण मसाजचा बराचसा परिणाम स्नायू चेपले गेल्यामुळे होत नाही, मज्जासंस्था शांत झाल्यामुळे होतो.

कोमट तेलाचा हात पाठीवर टेकतो आणि मानेपासून कमरेपर्यंत सावकाश फिरतो. या पहिल्या काही मिनिटांत स्नायूंना फारसा धक्काही लागलेला नसतो, तरी श्वास संथ होतो. त्याचं कारण त्वचेत आहे. स्पर्शाची बातमी मेंदूकडे नेणारे तंतू ढोबळमानाने दोन प्रकारचे. काही जाड, मायलिनचं आवरण असलेले; त्यांतून संदेश सेकंदाला ५० मीटरच्या आसपास वेगाने धावतो आणि स्पर्श कुठे झाला, किती जोरात झाला हे लगेच कळतं. दुसरे अगदी बारीक, आवरण नसलेले, सी-टॅक्टाइल नावाचे. त्यांचा वेग सेकंदाला जेमतेम एक मीटर. हे तंतू हात, मांडी, चेहरा अशा केस असलेल्या त्वचेत सापडतात.

इतका मंद तंतू शरीराने कशासाठी ठेवला असेल? स्वीडनमधले होकान ओलाउसॉन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली एका रुग्ण स्त्रीवर केलेला अभ्यास इथे फार मोलाचा ठरला. आजारामुळे तिचे जाड तंतू निकामी झाले होते. नेहमीच्या अर्थाने तिला स्पर्श कळतच नव्हता. तरीही हातावरून मऊ ब्रश फिरवला की तिला काहीतरी पुसट, पण सुखद जाणवायचं. स्कॅनमध्ये तेव्हा मेंदूचा स्पर्श ओळखणारा भाग शांत होता आणि भावनांशी नातं असलेला इन्सुला मात्र जागा झाला होता. पुढे २००९ मध्ये असं दिसलं की सेकंदाला १ ते १० सेंटिमीटर या वेगाने हात फिरला की हे तंतू सर्वांत जास्त संदेश पाठवतात, आणि माणसांना सगळ्यात सुखद वाटतो तो वेगही हाच. फिरणाऱ्या वस्तूचं तापमान त्वचेइतकं असलं तर प्रतिसाद आणखी चांगला मिळतो. चांगला थेरपिस्ट तेल आधी स्वतःच्या तळव्यांत चोळून घेतो आणि सुरुवातीला घाई करत नाही, ते योग्यच आहे.

मग खरा दाब सुरू होतो. ‘स्वीडिश’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मसाजचं श्रेय सहसा स्टॉकहोमचे व्यायामशिक्षक पेर हेन्रिक लिंग यांना दिलं जातं, पण लांब हात फिरवणं, मळणं, चोळणं, थापट्या मारणं ही वर्गवारी रूढ झाली ती अ‍ॅमस्टरडॅमचे डॉक्टर योहान मेत्सगर यांच्या परंपरेतून, एकोणिसाव्या शतकात. खांदा कणकेसारखा मळला जात असताना थेरपिस्ट हमखास म्हणतात, ‘इथे गाठ आहे.’ बोटाला तिथे काहीतरी टणक लागतं हे खरं, पण बहुतेक वेळा ती दोरीला बसते तशी गाठ नसते. स्नायूचा तो भाग ताणलेला आणि दाबाला हळवा झालेला असतो. ती ‘फोडायला’ कोपराने जोर लावायची गरज नाही. स्नायूंवरच्या चिवट आवरणाचं, फॅशियाचं, एक गणिती प्रारूप २००८ मध्ये प्रसिद्ध झालं. मांडीच्या बाहेरचा आणि तळपायाचा फॅशिया अवघा एक टक्का दाबायला किंवा सरकवायला लागणारा जोर माणसाच्या हातांच्या आवाक्याबाहेरचा निघाला. मग दहा मिनिटांत खांदा मोकळा वाटतो तो कशाने? मज्जासंस्थेने त्या भागावरची पकड ढिली केली म्हणून, असं मानणं जास्त सयुक्तिक आहे.

वेदनेचंही तसंच. कोपर दाराला आपटलं की आपण लगेच चोळतो आणि कळ कमी होते. रोनाल्ड मेल्झॅक आणि पॅट्रिक वॉल या संशोधकांनी १९६५ मध्ये याचं स्पष्टीकरण मांडलं: स्पर्शाचे आणि दाबाचे संदेश मज्जारज्जूत पोचले की वेदनेच्या संदेशांची वाट अडते. त्या सिद्धांतात पुढे बऱ्याच दुरुस्त्या झाल्या, गाभा टिकला. पण दाबच वेदना होऊन बसला तर हा सगळा फायदा जातो. शरीर त्याला इजा समजतं, स्नायू आवळून घेतं, श्वास रोखतं.

म्हणून खूण सोपी आहे. दाब देताना हवंहवंसं दुखत असेल आणि श्वास सहज चालू असेल, तर ठीक. मुठी वळल्या, पायाची बोटं आखडली, श्वास अडकला तर दाब जास्त होतोय. चमक, मुंग्या किंवा करंट लागल्यासारखी कळ आली तर तिथून हात काढायला सांगायचं. ‘ताई, जरा हलक्या हाताने’, ‘दादा, तिथे नको’ एवढं पुरतं. आपल्याकडे पाहुण्यासारखं मुकाट बसण्याची सवय आहे, पण इथे थेरपिस्टला तुमचं बोलणं हवंच असतं. तुमच्या आत काय चाललंय ते बोटांना कळत नाही.

शरीर तुम्हाला न विचारता काही गोष्टी करतं, त्यांनी लाजू नका. पोट गुरगुरतं, कारण विश्रांतीच्या वेळी पचनसंस्था कामाला लागते. पालथं झोपल्याने नाक चोंदतं, कुणी घोरतं. पुरुषांमध्ये कधीकधी लिंगाला ताठरपणा येतो. तो स्पर्शाचा आणि शिथिलतेचा आपोआप होणारा परिणाम असू शकतो, थेरपिस्टना ते माहीत असतं. तळपायाला गुदगुल्या होत असतील तर हात हलका करायला सांगू नका, उलट सावकाश आणि घट्ट दाबायला सांगा.

‘लॅक्टिक अ‍ॅसिड निघून जातं’, ‘शरीरातली विषारी द्रव्यं बाहेर पडतात’ असं टेबलावर हमखास ऐकू येईल. दुसऱ्या दाव्याला आधार नाही. ते काम यकृत आणि मूत्रपिंडं रोज करतात. पहिला दावा कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाच्या गटाने २०१२ मध्ये तपासला. अकरा तरुणांना दमेपर्यंत सायकल चालवायला लावून प्रत्येकाच्या एकाच पायाला मसाज दिला आणि दोन्ही मांड्यांच्या स्नायूंचे बारीक तुकडे काढून पाहिले. मसाज केलेल्या पायात दाहाचे संकेत कमी होते, लॅक्टेटमध्ये, म्हणजे त्या लॅक्टिक अ‍ॅसिडमध्ये, मात्र फरक नव्हता. कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक मसाजने भराभर घटतं, असंही सांगतात. २०११ च्या एका एकत्रित विश्लेषणात हा परिणाम अगदी किरकोळ आढळला. चिंता कमी होण्याचा पुरावा त्यापेक्षा बराच भक्कम आहे. कंबरदुखीत काही दिवस आराम पडू शकतो, वर्षानुवर्षांची दुखणी एका मसाजने जात नाहीत.

सर्वांत महत्त्वाचं बोलणं टेबलावर चढण्याआधी व्हायला हवं. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, गरोदरपण, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया, ठिसूळ हाडं, कर्करोग, मधुमेहाने बधिर झालेले पाय, यांतलं काही असेल तर थेरपिस्टने विचारलं नाही तरी सांगा. ताप किंवा त्वचेचा संसर्ग असेल तर बेत पुढे ढकला. आणि एकाच पायाची पोटरी सुजली असेल, दुखत असेल, गरम लागत असेल, विशेषतः प्लास्टर, लांबचा प्रवास किंवा अंथरुणाला खिळल्यानंतर, तर मसाज मुळीच नको, आधी डॉक्टर. खोल शिरेत रक्ताची गाठ असू शकते. दिल्लीत घोट्याच्या दुखापतीनंतर एका तरुणाच्या पायाला घरीच तेल चोळताना अशी गाठ सुटून फुफ्फुसाकडे गेली आणि त्याचा जीव गेला. वैद्यकीय नियतकालिकात त्याची नोंद आहे.

मान कटकन मोडून घेणंही टाळा, सलूनमध्ये तर नक्कीच. मेंदूला रक्त नेणाऱ्या दोन धमन्या मानेच्या मणक्यांमधल्या छिद्रांतून वर जातात. अचानक पीळ बसला तर त्यांचं आतलं अस्तर फाटू शकतं, आणि त्यातून पक्षाघात होऊ शकतो. हे क्वचित घडतं, पण नुसत्या कटकन आवाजासाठी तेवढाही धोका कशाला घ्यायचा?

मसाज संपल्यावर झटकन उठू नका. एका कुशीवर वळा, मिनिटभर टेबलाच्या कडेला बसा. शिथिल शरीरात रक्तदाब थोडा उतरलेला असतो, घाईने उभं राहिलं की घेरी येते. त्यात पावलांना तेल लागलेलं असतं. पुढचा एक-दोन दिवस खांदे किंवा पोटऱ्या थोड्या ठणकल्या, तर ते नव्या व्यायामानंतर होतं तसंच आहे. हातापायाला बधिरपणा किंवा अशक्तपणा आला, किंवा लघवी गडद तपकिरी झाली तर मात्र त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. नुसतं अंग ठणकत राहिलं, तर पुढच्या वेळी सुरुवातीलाच सांगा की मागे दाब जास्त झाला होता, आणि तो किती कमी हवा तेही सांगा.