तिरळेपणा

एखाद्या वस्तूकडे पाहताना दोन्ही डोळे तिच्यावर एकत्र न ठरता एक डोळा आत, बाहेर, वर किंवा खाली वळलेला राहणे, या दोषाला तिरळेपणा म्हणतात. बोलीत यासाठी ‘चकणा’, ‘हेकणा’ असेही शब्द आहेत. शाळेच्या मधल्या सुट्टीत ते मुलांना फार बोचतात, म्हणून या नोंदीत टाळले आहेत.

प्रत्येक डोळ्याला बाहेरून ६ स्नायू चिकटलेले असतात : ४ सरळ, २ तिरके. मेंदूतून निघणाऱ्या मज्जातंतूंच्या १२ जोड्यांपैकी तिसरी, चौथी आणि सहावी त्यांना हलवतात. सहावी फक्त डोळा कानाकडे वळवणाऱ्या स्नायूला जाते, चौथी वरच्या तिरक्या स्नायूला. उरलेले चारही तिसरीच्या ताब्यात. उजवीकडे पाहायचे तर उजव्या डोळ्याचा बाहेरचा आणि डाव्या डोळ्याचा आतला स्नायू एकदमच ओढला जातो. अशा जोडीतल्या दोघांना मेंदू सारख्याच जोराचा हुकूम देतो, हा नियम जर्मन शरीरक्रियाशास्त्रज्ञ एव्हाल्ट हेरिंग यांनी १९व्या शतकात मांडला. या जोडीचे शास्त्रीय नावही बैलांच्या जुवावरूनच पडले आहे. एक बैल मागे राहिला की औत तिरके जाते, तसेच इथे होते.

मोठ्या माणसाची ही जोडी अचानक बिघडली तर त्याला एकाचे दोन दिसू लागते. पुण्यात स्वारगेटला समोरून येणारी एकच पीएमपी बस दोन होऊन येते आणि खरी कोणती ते कळत नाही. लहान मुलाला असे काही जाणवत नाही, आणि खरी काळजी तिथेच आहे. त्याचा वाढता मेंदू वळलेल्या डोळ्याचे चित्र दाबून टाकतो. मूल तक्रार करत नाही, धावते, चित्रे रंगवते. इकडे त्या डोळ्याची नजर मात्र मागे पडत जाते. याला ‘आळशी डोळा’ म्हणतात. नाव अन्यायाचे आहे, कारण डोळा धडधाकट असतो. त्याचे ऐकायला मेंदू शिकलेला नसतो. मांजराच्या पिल्लांचा एक डोळा काही काळ मिटून ठेवला तर मेंदूतल्या पेशी त्या डोळ्याला प्रतिसाद देईनाशा होतात, हे डेव्हिड ह्यूबेल आणि टॉर्स्टन व्हिजेल यांनी दाखवले. दृष्टीच्या संशोधनासाठी त्यांना १९८१ चे नोबेल मिळाले.

तपासणीची सुरुवात साध्या टॉर्चने होते. आईच्या मांडीवरच्या मुलासमोर हातभर अंतरावर उजेड धरला की दोन्ही बुबुळांवर चमकणारा ठिपका दिसतो. डोळे सरळ असतील तर तो दोन्हीकडे बाहुलीच्या मध्याशी, सारख्याच जागी पडतो; डोळा आत वळलेला असेल तर त्यातला ठिपका कानाकडे सरकतो. मग एकेक डोळा झाकून पाहतात. चांगला डोळा झाकताच मूल हात झटकते, मान फिरवते, रडू लागते; दुसरा झाकला तर खुशाल खेळत राहते. अक्षरे न येणाऱ्या मुलाने नजरेबद्दल दिलेली ही साक्ष फार मोलाची असते.

घरीही काही खुणा दिसतात. स्कूटरवर पुढे उभे राहिलेले मूल दुपारच्या उन्हात नेहमी एकच डोळा मिटत असेल, तर अधूनमधून बाहेर जाणाऱ्या तिरळेपणाची शंका घ्यावी. जन्मानंतरचे पहिले दोन-तीन महिने बाळाची नजर भरकटणे स्वाभाविक आहे. चौथ्या महिन्यानंतर नाही. दोन डोळ्यांमधला नाकाचा भाग रुंद असला की सरळ डोळेही आत वळल्यासारखे भासतात, पण तो निवाडा डॉक्टरांनी करावा. बाहुलीत पांढरी झाक दिसली तर एक दिवसही थांबू नये : डोळ्याच्या पडद्यावरचा कर्करोग कधी कधी तिरळेपणाच्या रूपाने प्रथम दिसतो.

‘तिरळा डोळा भाग्याचा’, ‘मोठा झाला की आपोआप सरळ होईल’, असे पुण्यातल्या घरांतही ऐकू येते. पाळण्यावरचे चिमणाळे एका बाजूला बांधले म्हणून बाळ तिरळे झाले, असा बोलही आईला लावला जातो. त्यात तथ्य नाही. दोन-तीन वर्षांच्या वयात आत वळू लागलेल्या डोळ्यामागे पुष्कळदा मोठा प्लस नंबर असतो, आणि काही मुलांचे डोळे केवळ चष्म्याने सरळ होतात. आळशी डोळ्यासाठी चांगल्या डोळ्यावर रोज काही तास पट्टी लावतात. सात-आठ वर्षांच्या आत ती लावली तर फायदा सर्वाधिक. शस्त्रक्रिया लग्न ठरेपर्यंत पुढे ढकलणारी घरे ही वेळ हातची घालवतात.

तिरळेपणावरची पहिली यशस्वी शस्त्रक्रिया १८३९ मध्ये बर्लिनला योहान डीफेनबाख यांनी केली. आज जोरकस स्नायू सोडवून काही मिलिमीटर मागे शिवतात किंवा दुबळा आखूड करतात. डोळा बाहेर काढून ठेवतात ही भीती निराधार आहे. पुण्यात ससून रुग्णालय आणि महंमदवाडीचे ह. वि. देसाई नेत्र रुग्णालय इथे मुलांना दाखवता येते; राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीतल्या मुलांची तपासणी वर्षातून दोनदा होते, तेव्हाही आईने शंका बोलून दाखवावी.

प्रौढांत मधुमेह किंवा रक्तदाबामुळे सहावा मज्जातंतू लुळा पडला तर तो बहुधा काही महिन्यांत सावरतो. तोवर एक डोळा झाकून किंवा प्रिझमचा चष्मा लावून काम भागवतात. पण अचानक एका डोळ्याची पापणी पडली, डोळा बाहेर वळला आणि बाहुली मोठी झाली, तर मेंदूतल्या रक्तवाहिनीला फुगा आलेला असू शकतो. अशा वेळी सकाळच्या ओपीडीची वाट न पाहता, रात्र असली तरी मोठ्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात न्यावे.