शकुंतला रेल्वेची बंद पडलेली स्टेशनं

मूर्तिजापूर जंक्शनवरून दोन नॅरोगेज फाटे निघतात, एक अचलपूरला (76 किमी) आणि दुसरा कारंजा-दारव्हा करत यवतमाळला (113 किमी). या मार्गाला विदर्भात सगळे शकुंतलाच म्हणतात, आणि त्यावरची लाखपुरी, दर्यापूर, अंजनगाव, लाडखेड अशी स्टेशनं आता नुसती नावापुरती उरलीत.

लाईन टाकली ती प्रवाशांसाठी नाहीच, कापसासाठी. किलिक निक्सन या ब्रिटिश कंपनीने 1910 मध्ये सेंट्रल प्रोव्हिन्सेस रेल्वे कंपनी काढली, वऱ्हाडातला कापूस छोट्या गाडीने मूर्तिजापूरला आणायचा, तिथून मेन लाईनने मुंबई आणि पुढे बोटीने मँचेस्टर. गंमत म्हणजे कापूस तिकडे जायचा आणि गाडी ओढणारं झेडडी जातीचं वाफेचं इंजिन तिकडूनच आलेलं, 1921 मध्ये मँचेस्टरला बनलेलं. 1923 पासून ते थेट 15 एप्रिल 1994 पर्यंत चाललं, मग डिझेल लागलं.

दारव्हा मोतीबाग हे यातलं जंक्शन, पुसदचा फाटा इथूनच निघायचा, तो कधीच गेला पण जंक्शन हे बिरूद तेवढं राहिलं.

खरं सांगायचं तर गाडी बंद व्हायच्या आधीच ही स्टेशनं बंद पडली होती. तिकीटबाबू काढून घेतले, मग स्टेशन आलं की गार्डच खाली उतरून तिकिटं फाडायचा, आणि रस्त्याचं फाटक आलं की गाडी थांबायची, गाडीतलाच माणूस उतरून फाटक लावायचा, गाडी पलीकडे जाऊन परत उभी, हा फाटक उघडून पुन्हा चढणार. सगळा कारभार सात-आठ जणांवर. वेग ताशी 20 किमीच्या आसपास, तरी तिकीट एसटीपेक्षा कितीतरी स्वस्त म्हणून शेतमजूर, बाजारकरू हिच्यावरच अवलंबून.

दुर्लक्षाचं मूळ मालकीत आहे. देशातल्या बाकी रेल्वे सरकारी झाल्या, ही मात्र खाजगी कंपनीच्याच नावावर राहिली. गाडी रेल्वेने चालवायची, त्याचा मोबदला कंपनीला द्यायचा, आणि रुळांची डागडुजी कुणी करायची यावर घोडं अडलेलं. रूळ खराब होत गेले तशी आधी यवतमाळची आणि नंतर अचलपूरचीही गाडी थांबली. 2016 मध्ये सुरेश प्रभू रेल्वेमंत्री असताना ब्रॉडगेजसाठी सुमारे 1500 कोटी मंजूर झाल्याचं जाहीर झालं, त्यानंतरही गाडीसाठी लोकांची आंदोलनं चालूच राहिली.