कडू म्हणजे कडक नव्हे

‘बिअर जितकी कडू, तितकी जास्त चढते,’ असं हमखास सांगितलं जातं. डबल आयपीए या प्रकारची बिअर कडूही असते आणि तिच्यात अल्कोहोलही ८ टक्क्यांच्या आसपास, म्हणून ते पटतं. पण अल्कोहोल तयार होतं यीस्टमुळे, माल्टच्या (मोड आणून वाळवलेल्या धान्याच्या) साखरेतून. कडवटपणा येतो हॉप्स (एका वेलीची फुलं) उकळल्याने. उगमच वेगळे. जर्मन डॉपलबॉक बिअर ७ टक्क्यांच्या वर, तरी गोडसर. इंग्लिश बिटर नावानेच कडू, पण बहुधा ४ टक्क्यांच्या आसपास.

बाटलीवरचा एबीव्ही म्हणजे अल्कोहोलचा आकडा. आयबीयू छापला असेल तर तो कडवटपणाचा. (तोही फसवतो. माल्ट भरपूर असेल तर ६० आयबीयूसुद्धा मवाळ लागतात.) चव घेताना कडवटपणा जिभेच्या मागे रेंगाळतो, अल्कोहोलची ऊब घशात जाणवते. बर्फगार ग्लासात मात्र ती लपते. जरा गारवा उतरू द्या.