साठ वर्षांचे नकाशे : मुंबई महानगर प्रदेशाच्या वाहतूक नियोजनाची पार्श्वभूमी

शिवडी ते न्हावाशेवा हा सागरी पूल, म्हणजे आजचा अटल सेतू, १२ जानेवारी २०२४ रोजी खुला झाला. मुंबई आणि पलीकडचा किनारा पुलाने जोडावा, ही सूचना विल्बर स्मिथ या अमेरिकी सल्लागार कंपनीने १९६३ च्या अहवालातच केली होती. मुंबईत चांगल्या कल्पनांची वानवा कधीच नव्हती. त्यातली कोणती आधी, कोणासाठी आणि कोणाच्या पैशाने, हे ठरवणारा एक धनी मात्र या शहराला आजवर मिळालेला नाही.

स्वातंत्र्याच्या सुमारास अभियंते एन. व्ही. मोडक आणि नियोजनकार अल्बर्ट मेयर यांनी बृहन्मुंबईचा ढोबळ आराखडा मांडला. १९५८ मध्ये नेमलेल्या स. गो. बर्वे समितीने ठाणे खाडीवर पूल बांधून पलीकडे वस्ती वसवण्याची शिफारस केली. मुंबईचा प्रश्न मुंबईच्या हद्दीत सुटणार नाही, हे सरकारी कागदावर स्पष्ट येऊ लागले ते इथपासून. पुढे धनंजयराव गाडगीळ समितीने मुंबई आणि पुणे या दोन्ही भागांसाठी प्रादेशिक नियोजनाचा आग्रह धरला. १९६६ चा महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायदा त्याच काळातला. वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया व प्रवीणा मेहता आणि अभियंते शिरीष पटेल यांची खाडीपलीकडच्या जुळ्या शहराची मांडणीही याच वर्षांतली.

१९७० मध्ये खाडीपलीकडे नवी मुंबई वसवण्यासाठी सिडको हे सरकारी महामंडळ स्थापन झाले आणि १९७३ मध्ये पहिली प्रादेशिक योजना मंजूर झाली. दक्षिण टोकाकडे धावणारी गर्दी पूर्वेला वळवायची, हा तिचा गाभा. पण त्याच काळात समुद्रात भराव टाकून नरिमन पॉइंटला कार्यालयांचे मनोरे उभे राहत होते. सकाळी सगळ्यांनी दक्षिणेकडेच जायचे, ही घडी मोडण्याची तेव्हा खरी संधी होती आणि ती सरकारने स्वतःच्या हाताने घालवली, असे माझे स्पष्ट मत आहे. नवी मुंबईला वाशी पूल सत्तरच्या दशकात मिळाला, पण मानखुर्दहून वाशीला लोकल पोहोचली ती थेट १९९२ मध्ये. ज्या शहरात माणसे लोकलच्या वेळापत्रकावर घर निवडतात, तिथे वीस वर्षे रेल्वेविना वसाहत वाढवायची म्हणजे निम्म्या कुटुंबाला रोज वनवास.

याचे कारण रचनेतच आहे. १९७५ मध्ये स्थापन झालेले महानगर प्रदेश विकास प्राधिकरण राज्याचे. लोकल केंद्राच्या, त्याही मध्य आणि पश्चिम अशा दोन रेल्वेंच्या. बस बेस्टच्या आणि इतर महापालिकांच्या. नियोजन करणाऱ्याच्या हाती लोकलचा एक डबाही नाही. रस्ते आणि उड्डाणपूल मात्र राज्याच्या हातात, म्हणून तेच झपाट्याने झाले. नव्वदच्या दशकात उड्डाणपुलांची रांग लागली, २००९ मध्ये वांद्रे-वरळी सागरी सेतू आला. त्या तुलनेत रेल्वेसाठी १९९९ मध्ये केंद्र आणि राज्याचे संयुक्त महामंडळ स्थापावे लागले. जागतिक बँकेच्या कर्जातून मुंबई नागरी वाहतूक प्रकल्प (एमयूटीपी) सुरू झाला. त्यात रुळांलगतची आणि रस्त्यांकडेची एक लाखाच्या आसपास माणसे हलवली गेली, बरीचशी मानखुर्द परिसरात. गाड्यांचे डबे वाढले, वेग वाढला, हे खरेच. पण कामाच्या जागेपासून दूर फेकल्या गेलेल्या या लोकांचा रोजचा प्रवास हाही वाहतूक नियोजनाचाच भाग होता, आणि त्याचा हिशेब फार उशिरा झाला.

२००४ मध्ये १४६ किलोमीटरचा मेट्रो आराखडा आला. त्यातला वर्सोवा-घाटकोपर हा ११.४ किलोमीटरचा पहिला टप्पा २०१४ मध्ये सुरू झाला. केंद्राच्या २००६ च्या नागरी वाहतूक धोरणाने मोठ्या शहरांसाठी एकच वाहतूक प्राधिकरण असावे असे सुचवले होते. प्रदेशाच्या वाहतुकीच्या २००८ मध्ये पूर्ण झालेल्या सर्वंकष अभ्यासाने २०३१ पर्यंतचे चित्र मांडले, नंतरच्या अभ्यासाने ते २०४१ पर्यंत नेले.

त्या २००८ च्या अभ्यासातली सर्वांत दूरदृष्टीची रेघ म्हणजे विरार ते अलिबाग ही १२६ किलोमीटरची रस्त्याची मार्गिका. मुंबईत न शिरता वसई, भिवंडी, कल्याण आणि पनवेलचा पट्टा जोडायचा, मधोमध मेट्रोसाठी जागा राखायची. आखली महानगर प्राधिकरणाने, पुढे ती रस्ते विकास महामंडळाकडे गेली. मेट्रोची ती जागा रस्ता बांधतानाच राखली जाते का, यावर आता लक्ष ठेवायला हवे.