लॅपटॉपचा प्रोसेसर, सर्व्हरचा प्रोसेसर आणि गुळाचं एक आधण

शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीच्या ड्रॉइंग ऑफिसात परवा पुन्हा तेच ऐकलं. "दादा, सर्व्हरचा प्रोसेसर घातलाय, अठ्ठावीस थ्रेड हायत, तरी मॉडेल रिबिल्ड व्हायला आधीच्या लॅपटॉपपेक्षा जास्त वेळ घ्यायलाय. बोर्ड गेलाय काय बघा की." (रिबिल्ड म्हणजे संगणकावरचं थ्रीडी मॉडेल पायरीपायरीनं पुन्हा उभं करणं.) बोर्ड चांगला होता, प्रोसेसरही ठणठणीत होता. विकणाऱ्यानं "सर्व्हरचा माल आहे, लॅपटॉपच्या पाचपट पळणार" असं सांगून तो त्यांच्या गळ्यात मारला होता. कोल्हापुरात मी पंधरा वर्षं मशीन जुळवतोय आणि हा घोळ महिन्यातून एकदा तरी समोर येतोच. म्हणून एकदा सविस्तर लिहितो.

लॅपटॉपचा प्रोसेसर तुम्ही रोज वापरता, त्यावर वेळ घालवत नाही. उदाहरणाला इंटेलचा कोअर आय7-1355यू घेऊ. 10 कोअर, म्हणजे प्रोसेसरमधले स्वतंत्रपणे काम करणारे भाग, त्यात 2 मोठे आणि 8 छोटे. थ्रेड म्हणजे कोअरवर एका वेळी चालणारं एकेक काम; मोठा कोअर एकदम दोन चालवतो, म्हणून एकूण 12 थ्रेड. वेग जास्तीत जास्त 5 गिगाहर्ट्झ, नेहमीचं वीजबजेट 15 वॅट. शेवटच्या 'यू' अक्षराकडे लक्ष द्या. नुसतं "आय7 आहे" म्हणणाऱ्याला मी आधी ते अक्षर विचारतो, कारण यू (कमी विजेचा) आणि एच (जास्त विजेचा) यांच्यात वीज, उष्णता आणि दिवसभराच्या कामाचा मोठा फरक पडतो. आता सर्व्हरच्या बाजूला एएमडीचा एपिक 9654 ठेवा. 96 कोअर, 192 थ्रेड, मूळ वेग 2.4 आणि कमाल 3.7 गिगाहर्ट्झ, वीज 360 वॅट. त्या ड्रॉइंग ऑफिसात होता तो इंटेलचा झिऑन ई5-2680 व्ही4, 2016 सालचा. 14 कोअर, 28 थ्रेड, मूळ वेग 2.4, कमाल 3.3, वीज 120 वॅट. डेटा सेंटरमधून निवृत्त झालेले असे झिऑन सध्या बाजारात स्वस्तात मिळतात, आणि घोळाची सुरुवात बहुतेक तिथूनच होते.

बाकीचे फरक पटकन संपवतो. लॅपटॉपचा प्रोसेसर बोर्डावर कायमचा डकवलेला असतो, सर्व्हरचा सॉकेटात बसतो आणि काही बोर्डांवर दोन-दोन बसतात. सर्व्हरला मेमरीकडे जाणारे रस्ते, म्हणजे चॅनेल, जास्त असतात. लॅपटॉपला साधारण दोन चॅनेल, त्या झिऑनला चार, एपिक 9654 ला बारा. सर्व्हरची मेमरी ईसीसी प्रकारची असते, म्हणजे एखादा बिट चुकून पालटला तर ती स्वतःच ओळखून दुरुस्त करते. महिनोन्‌महिने बंद न होणाऱ्या मशीनला ते हवंच. वर सांगितलेल्या झिऑनमध्ये आणि एपिकमध्ये चित्र दाखवणारा ग्राफिक्स भाग नाही, वेगळं कार्ड लावावं लागतं. हे माहीत नसल्यामुळे "डिस्प्लेच येत नाही" म्हणून मशीन घेऊन आलेले लोक मी पाहिलेत. आणि नावावर जाऊ नका. 2015 मध्ये इंटेलनं लॅपटॉपसाठीही झिऑन काढले होते. झिऑन लिहिलंय म्हणून तो मोठाच, असं काही नाही.

आता खरी गोम. लोक विचारतात, "कुठला जलद?" हा प्रश्नच अर्धा आहे. एक काम किती लवकर उरकतं ही एक गोष्ट, आणि तासाभरात एकूण किती कामं उरकतात ही दुसरी. लॅपटॉपचा प्रोसेसर पहिल्यासाठी घडवलेला आहे, सर्व्हरचा दुसऱ्यासाठी.

गुऱ्हाळावर बसून हे चटकन समजतं. एका काहिलीतलं आधण उतरायला दोन-तीन तास लागतात. शेजारी आणखी नऊ काहिली मांडल्या तर दिवसाचा गूळ दहापट निघेल. पण पहिल्या काहिलीतलं आधण मिनिटभरही लवकर उतरणार नाही. रस तितकाच आटावा लागणार, गुळव्याला तितकाच वेळ उभं राहावं लागणार. पाहुण्याला पहिली गरम ढेप लवकर हवी असेल तर दहा काहिलींचा त्याला काडीचा उपयोग नाही. कोअर वाढवणं म्हणजे काहिली वाढवणं.

आणि जाळाचंही तसंच आहे. चिपाड ठरावीक असेल आणि दहा चुलवाणांत वाटावं लागलं, तर प्रत्येकाखालचा जाळ मंद होतो. एपिक 9654 चे 360 वॅट 96 कोअरांत वाटले तर एकेकाच्या वाट्याला पावणेचार वॅट येतात, आणि त्यातूनही चिपमधल्या मेमरी सांभाळणाऱ्या भागाचा वगैरे हिस्सा निघतो. उलट लॅपटॉपमध्ये एकच कोअर कामाला लागला की जवळजवळ सगळं बजेट त्याच्याखाली सरकतं आणि तो 5 गिगाहर्ट्झला भिडतो. वेग वाढवायचा तर व्होल्टेजही वाढवावं लागतं, आणि व्होल्टेज वाढलं की वीज त्याच्या वर्गाच्या पटीत वाढते. म्हणून शेवटचा अर्धा गिगाहर्ट्झ भयंकर महाग पडतो. सर्व्हर बनवणारे तो मुद्दाम सोडून देतात आणि तीच वीज जास्त कोअरांना देतात. त्यांचं गिऱ्हाईक म्हणजे एकाच वेळी आलेल्या हजारो छोट्या मागण्या. प्रत्येकीला किंचित जास्त वेळ लागला तरी चालतो, रांग तुंबलेली चालत नाही.

त्या ऑफिसात मी टास्क मॅनेजर (कुठला थ्रेड किती कामात आहे ते दाखवणारी विंडोजची खिडकी) उघडला आणि पोराला रिबिल्ड दाबायला सांगितलं. स्क्रीनवर 28 चौकोन. एखाद-दुसऱ्या चौकोनात रेघ वर उसळायची, बाकीचे जमिनीला चिकटलेले. वर एकूण वापर दाखवत होता 4 टक्के. शंभराला अठ्ठावीसनं भागा, साडेतीनच्या वर येतं. म्हणजे एकटा थ्रेड जीव तोडून पळत होता आणि 27 जण बघत उभे होते. थ्रीडी मॉडेलचं रिबिल्ड असंच असतं. आधी ठोकळा, मग त्यात भोक, मग भोकाच्या कडेला गोलाई. ठोकळा तयार नसताना भोक कशात पाडणार? पुढची पायरी मागच्यावर उभी आहे, ती दुसऱ्या कोअरला आधी देताच येत नाही. अशा कामात 2016 च्या 3.3 गिगाहर्ट्झच्या कोअरला आजच्या लॅपटॉपचा 5 गिगाहर्ट्झचा कोअर मागं टाकणारच. शिवाय नव्या पिढीचा कोअर प्रत्येक ठोक्याला जास्त काम उरकतो, त्यामुळे प्रत्यक्षातलं अंतर आकड्यांहून मोठं असतं.

काम वाटता येत असलं तरी मर्यादा आहे. जीन अॅमडाल या संगणकतज्ज्ञानं 1967 मध्येच ती मांडली. कामाचा दहावा भाग वाटता येणारा नसेल, तर 16 कोअर लावून वेग 6.4 पटच होतो. 96 लावले तरी सव्वानऊच्या आत. कितीही लावा, दहापटीच्या पुढं जात नाही.

मग लॅपटॉपच सगळीकडे भारी का? तेही नाही, आणि ही उलटी चूकही मी तितकीच पाहतो. तो 5 गिगाहर्ट्झ थोड्या वेळाचा असतो. जोराच्या कामात 1355यू क्षणभर 55 वॅटपर्यंत जातो, पण उष्णता साठली की लॅपटॉप बनवणाऱ्यानं ठरवलेल्या मर्यादेवर, बहुधा 15 वॅटच्या आसपास, खाली येतो आणि वेगही उतरतो. सर्व्हरचा 2.4 हा आकडा दिसायला गरीब, पण सगळे कोअर भरून तो रात्रंदिवस टिकवायचा असतो. लॅपटॉपच्या डब्यावरचा मोठा आकडा आणि सर्व्हरचा मूळ वेग शेजारी ठेवून तुलना करणं मला अजिबात पटत नाही. एक शंभर मीटरचा आकडा आहे, दुसरा पंढरीच्या वाटेचा. आणि लॅपटॉप चोवीस तास चार्जरला लावून त्याचा ऑफिसचा सर्व्हर करू नका. उष्णतेनं बॅटरी फुगून टचपॅड वर आलेले लॅपटॉप माझ्या टेबलावर येत असतात.

पाच-सात जणांच्या ऑफिसात टॅलीचा डेटा ठेवायला यातलं काहीच नको. चांगला डेस्कटॉप प्रोसेसर, एसएसडी, यूपीएस आणि रोजचा बॅकअप. यावर माझं मत पक्कं आहे.

त्या फाउंड्रीतला झिऑन मात्र आम्ही परत केला नाही. मेथडिंगवाल्यांकडे, म्हणजे साच्यात धातू कसा ओतायचा ते ठरवणाऱ्यांकडे, कास्टिंग सिम्युलेशनचं काम होतं. साच्यात धातू कसा भरतो, कुठला भाग शेवटी गोठतो, रायझर (गोठताना आकसणाऱ्या धातूला भर पुरवणारा साठा) पुरतो का, पोरॉसिटी (आत राहणारी पोकळी) कुठं येईल, हे तपासायला साच्याचे लाखो छोटे तुकडे करून प्रत्येकाचं तापमान काढावं लागतं. हे तुकडे कोअरांत वाटता येतात. तिथं लावल्यावर टास्क मॅनेजरमधले चौकोन एका दमात वर गेले आणि रात्रभर वरच राहिले. ड्रॉइंगच्या पोराला नवा डेस्कटॉप दिला, कोअर कमी पण वेग चढा. असं सिम्युलेशन तुम्ही लावणार असाल तर प्रोसेसर घेण्याआधी सॉफ्टवेअरचा परवाना किती कोअरचा आहे ते विचारा. चार कोअरचा परवाना असेल तर चौदातले दहा कोअर तसेच बसून राहतील.