राख, लोणी आणि चुन्याची निवळी: फ्रिजच्या आधी अंडी कशी टिकवत

कोंबडी वर्षभर सारखी अंडी देत नाही, आणि अंडी टिकवण्याचा सगळा खटाटोप तिथूनच सुरू झाला. कोंबडीचे अंड्यावर येणे दिवसाच्या लांबीशी बांधलेले असते. साधारण १४ तास उजेड मिळाला की ती भरात असते. दिवस आखडले, पिसे झडू लागली की खुराडे रिकामे राहते. थंड मुलुखात वसंतात अंडी ठेवायला जागा पुरत नसे आणि ऐन हिवाळ्यात एक अंडे मिळायची मारामार. म्हणजे एप्रिल-मेचे अंडे डिसेंबर-जानेवारीपर्यंत न्यायचे, एवढाच प्रश्न होता. सात-आठ महिन्यांची ही मुदत लक्षात ठेवून जुन्या पद्धतींकडे पाहिले, तर कोणती खरी उपयोगाची होती आणि कोणती नुसत्या समजुतीवर चालली, हे चटकन कळते.

अंडे मुळात टिकण्यासाठीच घडलेले आहे. आत पिलू वाढायचे तर तीन आठवडे उबेत राहूनही ते नासता कामा नये. कवच कॅल्शियम कार्बोनेटचे, आणि त्याला सात ते सतरा हजार बारीक छिद्रे. अंडे घातले जाते तेव्हा कवचावर ओलसर लेप असतो. तो काही मिनिटांत वाळतो आणि छिद्रांची तोंडे झाकतो. त्याची जाडी मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढी, पण अंडे टिकण्यात त्याचा वाटा मोठा. कवचाच्या आत दोन पापुद्रे, आणि त्यांच्या आत पांढरा भाग. त्यातले लायसोझाइम कित्येक जिवाणूंच्या पेशीभित्तिका फोडते, तर ओव्होट्रान्सफेरिन जिवाणूंना लागणारे लोह बांधून ठेवते.

या बंदोबस्ताला दोन गळत्या असतात. पाण्याची वाफ बाहेर जाते आणि बोथट टोकाकडची हवेची पोकळी वाढते. जुने अंडे पाण्यात तरंगते ते यामुळेच. दुसरी गळती कार्बन डायऑक्साइडची. ताज्या अंड्याच्या पांढऱ्या भागाचा सामू (pH, आम्ल-अल्कलीचे माप) ७.६ च्या आसपास असतो, तो साध्या हवेत काही दिवसांतच ९.२ च्या घरात जातो. घट्ट पांढरा भाग पातळ होतो, बलक मधोमध राहीनासा होतो आणि वर तरंगत कवचाला टेकतो. एकाच बाजूवर पडून राहिलेल्या अंड्याचा बलक तिथे चिकटतो, आणि कवचातून आत आलेल्या जिवाणूंना बलकापर्यंत सरळ वाट मिळते. साठवलेली अंडी अधूनमधून उलटी करण्याची जुनी शिस्त यासाठी होती.

सगळ्यात जुन्या आणि घराघरांत चाललेल्या पद्धती कोरड्या: कोंडा, लाकडाचा भुसा, मीठ, राख किंवा धान्य यांच्या थरांत अंडी एकमेकांना लागू न देता रचायची आणि पेटी गार जागी ठेवायची. याने धक्का बसत नाही आणि तापमान फारसे वरखाली होत नाही, हे खरे. पण कोंडा दमट झाला की त्याला बुरशी धरते आणि अंड्याला कुबट वास लागतो. मीठ अंड्यातला ओलावा ओढते, मग स्वतःच भिजून त्याचा गठ्ठा होतो. छिद्रे उघडीच राहतात ती राहतातच.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जर्मनीत वीस पद्धतींची समोरासमोर परीक्षा झाली. एकाच वेळची ताजी अंडी वीस प्रकारे ठेवली आणि आठ महिन्यांनी फोडून पाहिली. निकाल आजही वाचण्यासारखा आहे. कागदात गुंडाळलेली १०० पैकी ८० खराब. मीठ चोळलेली ७०, कोंड्यात ठेवलेली ७०, आणि ज्याच्यावर बराच भरवसा होता ते पॅराफिन लावलेलीही ७०. उकळत्या पाण्यात १२ ते १५ सेकंद बुडवलेली निम्मी गेली. लाकडाच्या राखेत ठेवलेली आणि डुकराची चरबी चोळलेली मात्र फक्त २० खराब. मिठाच्या पाण्यातली कुजली नव्हती, पण मीठ इतके आत शिरले होते की सगळीच्या सगळी खाण्यालायक उरली नाहीत. तीनच पद्धतींत एकही अंडे वाया गेले नाही: व्हॅसलीन, चुन्याची निवळी आणि वॉटरग्लास (सोडियम सिलिकेटचा पाक).

राखेचा निकाल कोंड्याहून इतका वेगळा का, हे सांगायला हवे. लाकडाची राख अल्कधर्मी असते, कोंडा तसा नसतो. बाहेरून दोन्ही ‘कोरडे भरण’ दिसत असली, तरी राखेत जिवाणूंचा आणि बुरशीचा जम बसणे अवघड जाते. चुन्याच्या निवळीचेही मर्म हेच.

त्याआधी स्निग्ध लेपाबद्दल. अठराव्या शतकात फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ रेओम्यूर याने अंड्यांना वार्निश आणि चरबी लावून दाखवले की छिद्रे बंद केली तर अंडे कितीतरी जास्त दिवस ताजे राहते. आयर्लंडमध्ये, विशेषतः कॉर्क भागात, हेच काम लोण्याने होई, आणि तिथली लोणी लावलेली अंडी पुढे बाजारातही नावाजली. त्यातली खुबी वेळेची आहे. अंडे घरट्यातून उचलायचे ते गरम असतानाच. तळहाताला थोडेसे लोणी फासायचे आणि दोन्ही तळव्यांत अंडे फिरवत सगळीकडून लावायचे, एकही कोरडा ठिपका राहू द्यायचा नाही. कोंबडीच्या पोटातून बाहेर आलेले अंडे गार होताना आतला ऐवज आकसतो आणि छिद्रांतून बाहेरची हवा आत ओढली जाते. हवेची पोकळी तयार होते ती याच वेळी. त्या क्षणी कवचावर लोणी असेल तर हवेऐवजी लोणी छिद्रांत ओढले जाते आणि तिथेच थिजते. असे अंडे वाळल्यावर घासून चकाकी आणल्यासारखे दिसते, आणि त्याला लोण्याची हलकी चव येते. गार झालेल्या अंड्याला लोणी फासले तर ते वरच्यावर राहते. पुढे तेच लोणी खवट झाले की अंड्यालाही तो वास लागतो. व्हॅसलीन किंवा खनिज तेल खवट होत नाही, म्हणून व्यापारात नंतर त्यांनी लोणी-चरबीची जागा घेतली.

आता चुना. १७९१ साली शेफील्डच्या विल्यम जेन याने इंग्लंडमध्ये अंडी टिकवण्याच्या मिश्रणाचे पेटंट घेतले: एक बुशेल, म्हणजे सुमारे ३५ लिटर मापाचा कळीचा चुना, ३२ औंस (सुमारे ९०० ग्रॅम) मीठ आणि ८ औंस क्रीम ऑफ टार्टर. पाणी इतकेच घालायचे की त्यात सोडलेले अंडे वरचे टोक जेमतेम बाहेर ठेवून तरंगेल. अशी अंडी दोन वर्षे टिकतात असा त्याचा दावा होता. क्रीम ऑफ टार्टर आम्ल आहे. एवढ्या चुन्यापुढे त्याचे काही चालत नाही, आणि पुढच्या कृतींतून ते गळून गेले ते योग्यच झाले. चुना मात्र टिकला. एकोणिसाव्या शतकात युरोपात चुन्यात ठेवलेल्या अंड्यांचा मोठा व्यापार चाले, आणि बेकरीवाले हिवाळा त्यांच्यावरच काढत.

नंतर स्थिरावलेली कृती अशी. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्याला सुमारे ३० ग्रॅम फुलवलेला, कोरड्या पुडीचा चुना. चुना खाण्याच्या प्रतीचा हवा, बांधकामाचा नको. चुनकळी घेतली तर ती पाण्यात टाकताच उकळी फुटावी इतकी तापते. म्हणून चुनकळी थोडी थोडी, पाण्यात टाकायची (चुनकळीवर पाणी ओतायचे नाही), आणि डोळे सांभाळायचे. गार झाल्याखेरीज अंडी सोडायची नाहीत. भांडे चिनी मातीची बरणी, काच किंवा न टवका उडालेले इनॅमल. ॲल्युमिनियम किंवा जस्ताचा मुलामा दिलेली बादली अल्कली खाऊन टाकते. अंडी निमुळते टोक खाली करून ठेवायची आणि वर निदान ५ सेंटिमीटर निवळी उभी राहायला हवी.

एक लिटर पाण्यात चुना विरघळतो जेमतेम १.७ ग्रॅम, मग ३० ग्रॅम कशासाठी? निवळीचा सामू १२.४ च्या आसपास असतो, त्यात जिवाणू तग धरत नाहीत. पण हवेतला कार्बन डायऑक्साइड निवळीतल्या चुन्याशी संयोग पावतो आणि वर कॅल्शियम कार्बोनेटची पातळ साय धरते. तळाशी साका शिल्लक असेल तर तो विरघळून ही तूट भरून काढतो. नुसती गाळलेली निवळी वापरली तर काही महिन्यांत तिच्यात पाण्याखेरीज फारसे काही उरत नाही, आणि घरगुती प्रयत्न फसतात ते बहुधा इथेच. वरची साय मोडू नये. ती झाकणाचेच काम करते. तोच कार्बोनेट कवचाच्या छिद्रांतही बसतो आणि ती बुजवतो.

अंडी त्याच दिवसाची, तडा नसलेली आणि न धुतलेली हवीत. धुतले की तो वाळलेला लेप जातो, छिद्रे उघडी पडतात आणि निवळी थेट आत झिरपते. घाण लागलेले अंडे साठवणीत घ्यायचेच नाही, ते आधी खाऊन संपवायचे. तडा ओळखायला दोन अंडी हलकेच एकमेकांवर टिचकावतात: आवाज टणक यायला हवा, बद्द नको. एक तडकलेले अंडे आत फुटले तर सगळी बरणी नासते. अंडी फलित नसलेली बरी, कारण साधारण २१ अंशांच्या वर फलित अंड्यात गर्भ वाढू लागतो. एवढे सगळे सांभाळले तरी सात-आठ महिन्यांनंतरचे अंडे ताज्यासारखे नसते. पांढरा भाग पाण्यासारखा, फेटून नीट फुलत नाही. बलकाचा पापुद्रा नाजूक झालेला, फोडताच पसरतो. कवच खरखरीत, कधी चुन्याची चव. केक-बिस्किटांना ते चालते, अख्खे तळायला नाही.

वॉटरग्लास म्हणजे सोडियम सिलिकेटचा दाट पाक. म्युनिकच्या योहान नेपोमुक फॉन फुक्स याने १८१८ मध्ये तो तयार केला आणि १८२५ मध्ये त्याची माहिती प्रसिद्ध केली. पण अंड्यांसाठी त्याचा बोलबाला झाला तो शतक सरताना. अमेरिकेच्या शेती खात्याने शेतकऱ्यांसाठीच्या पत्रिकांतून त्याची शिफारस केली. प्रमाण एक भाग पाकाला उकळून गार केलेले ९ ते १० भाग पाणी. सुमारे १० लिटर द्रावणात १५ डझन अंडी मावतात, बरणी त्याच्या दुप्पट मापाची लागते. सिलिकेट कवचातल्या कॅल्शियमशी जुळून छिद्रांत जेलीसारखा बूच तयार करते. चुन्याची चव येत नाही, ही त्याची जमेची बाजू. उणी बाजू अशी, की पाणी उडून द्रावण दाटले तर अंडी एकमेकांना चिकटतात आणि काढताना फुटतात. म्हणून पातळी घटली की उकळून गार केलेले पाणी वाढवायचे. हे अंडे उकडायचे असेल तर बोथट टोकाला आधी सुईने टोचावे लागते. छिद्रे बुजलेली असल्याने तापलेल्या हवेला वाट नसते आणि कवच फुटते. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये अंडी मोजून मिळू लागली, तेव्हा ज्यांच्या परसात कोंबड्या होत्या त्यांच्या घरी वॉटरग्लासची बादली असायचीच. जर्मनीत गारांटोल नावाची चुन्याची तयार पुडी मिळे, तीही याच कामाची. चुना आणि वॉटरग्लास यांत निवड करायची तर चुना बरा: स्वस्त, सहज मिळणारा आणि निकालात तसूभरही मागे नसलेला.

चीनमध्ये विचार वेगळ्याच वाटेने गेला. अंडे होते तसे ठेवण्याऐवजी त्याचा दुसराच पदार्थ केला गेला. बदकाची अंडी खारवण्याची कृती सहाव्या शतकातल्या ‘छी मिन याओ शू’ या शेतीग्रंथात आहे. घट्ट मिठाच्या पाण्यात किंवा मीठ कालवलेल्या चिखलात तीन-चार आठवडे ठेवले की बलकातले पाणी बाहेर ओढले जाते, तो घट्ट होतो, तेल सोडतो आणि तांबूस केशरी होतो. मग अंडे उकडून खातात. बदकाचेच का, तर त्याचा बलक मोठा आणि स्निग्ध. फिलिपिन्समध्ये खारवलेले अंडे ताज्यात मिसळू नये म्हणून कवच लाल रंगवतात.

पिदान, म्हणजे अल्कलीत मुरवलेले काळपट अंडे, हा याहून पुढचा टप्पा. चुना, राख, मीठ, चहा आणि माती यांचा लगदा लावून वर भाताचे तूस चिकटवायचे आणि महिना-दोन महिने ठेवायचे. अल्कली आत शिरते, पांढरा भाग उष्णतेशिवायच आळतो आणि चहासारखा तपकिरी, पारदर्शक होतो. बलक हिरवट काळा, मऊ. त्यावर कधी देवदाराच्या फांदीसारखी पांढरी नक्षी उमटते, ती मॅग्नेशियम हायड्रॉक्साइडच्या स्फटिकांची. अवघड भाग अल्कली वेळेवर थांबवण्याचा: जास्त शिरली तर आळलेला पांढरा भाग पुन्हा पातळ होऊन अंडे हातचे जाते. पूर्वी यासाठी शिशाचे ऑक्साइड घालत, ते छिद्रे बुजवून अल्कलीला आवर घाली. शिसे विषारी, म्हणून पुढे जस्ताची संयुगे आली.

उकळत्या पाण्यात काही सेकंद बुडवण्याची जुनी युक्ती जर्मन परीक्षेत अर्ध्यावर पडली, पण तिच्यातला विचार चुकीचा नव्हता. १९४३ मध्ये मिसुरी विद्यापीठातल्या फंक यांनी पाणी ५४ अंशांवर ठेवून १५ मिनिटांचा हिशेब बसवला, तेव्हा पांढरा भाग न शिजता स्थिर झाला. तोवर मूळ गरजच ओसरत चालली होती. खुराड्यात विजेचे दिवे लागले, कोंबड्या हिवाळ्यातही अंड्यावर राहू लागल्या, आणि शीतगृहांनी उरलेले अंतर भरून काढले.

या पद्धती आज कुणी करून पाहणार असेल तर एक गोष्ट आधी. १९८० च्या दशकात स्पष्ट झाले की साल्मोनेला एन्टेरिटिडिस हा जिवाणू कोंबडीच्या शरीरातूनच, कवच तयार होण्याआधी, अंड्यात येऊ शकतो. चुना, लोणी, वॉटरग्लास यांचा त्याच्यावर काही इलाज नाही. तेव्हा साठवलेले प्रत्येक अंडे वेगळ्या वाटीत फोडून वास घ्यावा आणि पांढरा भाग व बलक दोन्ही घट्ट होईपर्यंत शिजवावे. अंडे बाजारातले असेल तर ते कुठल्या रीतीने विकले जाते हेही पाहावे. युरोपीय संघात पहिल्या प्रतीची अंडी धुण्यास साधारणपणे मनाई आहे, तर अमेरिकेत मोठ्या प्रमाणावर विकली जाणारी अंडी धुऊनच येतात. धुतलेल्या अंड्यावर तो लेप नसतो. ते चुन्याच्या निवळीत टाकू नये, फ्रिजमध्येच ठेवावे.