तरण्या पावसाच्या नक्षत्रातलं सहाजणांचं बिऱ्हाड

जुलैच्या पहिल्या आठवड्यात सूर्य पुनर्वसू नक्षत्रात शिरतो. त्या दिवसांतला पाऊस तरणा, पुढच्या पुष्यातला म्हातारा. तेव्हा पुनर्वसू दिसायचा प्रश्नच नसतो. सूर्य तिथेच, शिवाय वर ढग. ते बघायचं फेब्रुवारी-मार्चमध्ये, रात्री नऊच्या सुमाराला. मुंबईच्या उजळलेल्या आकाशातही त्याचे दोन ठळक तारे जवळजवळ डोक्यावर सापडतात. जरा जास्त तेजस्वी, पिवळसर तो पोलक्स. शेजारचा पांढरा तो कॅस्टर.

दादरला आमच्या गच्चीवर पाण्याच्या टाकीच्या आडोशाला मी चार इंची दुर्बीण लावतो. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री ऊब सोडत राहतो, त्यामुळे तारा पाण्यात पडल्यासारखा थरथरतो. मध्येच हवा क्षणभर स्थिरावते आणि कॅस्टरचे दोन तारे होतात, रव्याचे दोन दाणे शेजारीशेजारी ठेवल्यासारखे. खालच्या मजल्यावरच्या काकांनी ते पाहिलं आणि म्हणाले, "दिसतात दोन, पण एकामागे एक असतील. ते टॉवरवरचे लाल दिवे बघ. चिकटलेले वाटतात, पण एक प्रभादेवीला आहे आणि दुसरा पार वरळीला."

शंका रास्तच होती. खगोलशास्त्रज्ञ विल्यम हर्शेललाही आधी असंच वाटायचं. पण पंचवीसेक वर्षांच्या मोजमापांवरून १८०३ मध्ये त्याने दाखवलं, की कॅस्टरचे हे दोन तारे एकमेकांभोवती फिरताहेत. न्यूटनचं गुरुत्वाकर्षण सूर्यमालेबाहेरही चालतं, याचा तो मोठा पुरावा ठरला. एका फेरीला सुमारे साडेचारशे वर्षं लागतात. या दोघांची मागची फेरी सुरू झाली तेव्हा मुंबई पोर्तुगिजांकडे होती.

गंमत पुढेच आहे. या दोन दाण्यांपैकी प्रत्येक दाणा पुन्हा जोडी आहे. ती कुठल्याच साध्या दुर्बिणीत सुटी होत नाही. प्रकाशाच्या वर्णपटातल्या, म्हणजे सुट्या केलेल्या रंगांच्या पट्ट्यातल्या, रेषा ठरावीक काळाने मागेपुढे सरकतात, त्यावरून ती कळते. तारा आपल्याकडे येताना रेषा निळ्या बाजूला, दूर जाताना तांबड्या बाजूला. एका जोडीची फेरी ९.२ दिवसांची, दुसरीची जेमतेम ३ दिवसांची. दोन्हींत सूर्याहून थोर असा एक शुभ्र तारा आणि त्याला बिलगलेला छोटा, मंद, तांबडा तारा.

हे झाले चार. त्यांच्यापासून बऱ्याच अंतरावर तिसरी जोडी आहे, दोन्ही तांबडे खुजे तारे. त्यांच्यात अंतर फक्त २७ लाख किलोमीटर, म्हणजे पृथ्वी-चंद्र अंतराच्या सातपट, आणि एक फेरी साडेएकोणीस तासांत! आपल्या बाजूने बघता ते एकमेकांना आळीपाळीने झाकतात, त्यामुळे दर दहा तासांच्या आत त्या जोडीला एक ग्रहण लागतं.

एवढे सहा जण एकत्र नांदतात कसे? सहा तारे सारख्याच अंतरावर मोकळे सोडले असते तर ओढाताणीत एकदोघे केव्हाच बाहेर फेकले गेले असते. इथे अंतरांची उतरंड आहे. जोडीतले तारे एकमेकांना अगदी चिकटून. दोन शुभ्र जोड्यांमध्ये सूर्य-पृथ्वी अंतराच्या सुमारे शंभरपट जागा. तिसरी जोडी हजारपटीहून लांब, तिच्या फेरीला दहा हजारांहून जास्त वर्षं. इतक्या लांबून प्रत्येक जोडी एकाच वजनदार ताऱ्यासारखी ओढते. म्हणजे सहाजणांचा हिशेब प्रत्येक पायरीवर दोघांचाच उरतो, आणि दोघांचा हिशेब न्यूटनने कधीच सोडवून ठेवलाय.

हे सगळं बिऱ्हाड आपल्यापासून ५१ प्रकाशवर्षांवर. तिसरी जोडी मात्र मला दादरहून अजून दिसलेली नाही. या आकाशात ती फारच मंद आहे. "वांगणीला अंधार असतो, तिकडे येता का?" असं काकांना विचारलं. त्यांनी आधी परतीची शेवटची लोकल कितीची, ते विचारून घेतलं.